उभं राहण्याचा ठराव

तीन पिढ्या या घराने लोकांना बसवून पोट भरलं. जेवायच्या खुर्च्या, झुलायच्या खुर्च्या, साहेबांच्या, कारकुनांच्या, न्हाव्याच्या दुकानातल्या, नाटकगृहातल्या. गावात ज्याला म्हणून बूड टेकायचं होतं, तो कधी ना कधी यांच्या कारखान्याच्या दारात आला. आणि त्याच घराला आता एका माणसाचं बसणं सोसवत नव्हतं. ते माणूस म्हणजे आक्का, भावंडांत थोरली, विणकामाच्या खोलीची मालकीण. वेताची मोळी काढायला ती माळ्यावर चढली आणि शिडीसकट खाली आली, तेव्हापासून छातीखालचं तिचं शरीर तिचं ऐकत नव्हतं.

ऐकत नव्हतं, हे आता जरा जपून म्हणायचं. डॉक्टरांनी दुखापतीच्या खाली, मज्जारज्जूवर, एक बारीक पट्टी बसवली होती, आणि तिला वीज पुरवणारं काड्यापेटीएवढं यंत्र पोटाच्या कातडीखाली. फिजिओथेरपिस्ट बाईंनी सगळ्या कुटुंबाला समोर बसवून समजावलं होतं की वीज काही पाय हलवत नाही. मेंदूचा निरोप अजून थोडाथोडका खाली झिरपतो, पण तो इतका क्षीण असतो की खालच्या नसांपर्यंत तो पोचतच नाही. वीज त्या नसांना जागं ठेवते. बाकीचं काम आक्काचं. सगळ्यांनी समजल्यासारख्या माना डोलावल्या, आणि घरी येताच भाऊने शेजाऱ्यांना सांगितलं, "बटण दाबलं की आमची आक्का उभी!"

रविवारी सकाळी सगळे, केंद्रातल्या फिजिओथेरपिस्ट बाईंसह, विणकामाच्या खोलीत जमले, कारण चाकाच्या खुर्चीला पुरेल एवढं रुंद दार तिचंच होतं. निर्णय त्याच दिवशी व्हायला हवा होता. उपचार केंद्राचं म्हणणं असं की सरावाच्या पुढच्या फेरीत एकच ध्येय धरता येईल. उभं राहायचं असेल तर विजेची मांडणी वेगळी आणि सराव वेगळा. आधाराशिवाय ताठ बसायचं असेल, म्हणजे कंबर नि पाठ सांभाळायची असेल, तर ती मांडणी वेगळी, तो सराव वेगळा. दोन्ही एकदम धरलं तर शरीर थकतं आणि दोन्ही अर्धवट राहतं. कोणतं ते पेशंटने ठरवायचं, असं केंद्राने स्पष्ट सांगितलं होतं. पण या घरात पेशंट म्हणजे एक माणूस, असं कोणी मानत नव्हतं. आक्का हा सगळ्यांचा मिळून विषय होता.

आक्काचं स्वतःचं मात्र केव्हाच ठरलं होतं. छातीखाली ताकद नसली की नुसतं बसून राहणं हेच एक काम होऊन बसतं. एक हात सतत खुर्चीच्या हाताला धरलेला हवा, नाहीतर माणूस पोत्यासारखा कलंडतो. कामाला उरतो एक हात, आणि एका हाताने वेत विणता येत नाही. एक हात वरून वेताची पात खुपसतो, दुसरा खालून ओढून घेतो. मागच्या फेरीत केंद्रात एकदा बाईंनी पाठीची मांडणी लावून पाहिली होती, आणि आक्काचे दोन्ही हात सुटले होते. तिने ते आधी मांडीवर ठेवले, मग एकमेकांत गुंफले. अपघातापासून आपलेच दोन हात एकमेकांना भेटले नव्हते, हे तिला त्या क्षणी कळलं. परतताना ती गाडीत रडली. घरी मात्र ती याविषयी अवाक्षर बोलली नाही. सांगितलं तर त्याचाही सोहळा करतील, अशी तिला धास्ती होती.

सोहळ्याची भाऊला भारी हौस. आक्काच्या पाठचा हा भाऊ, नावालाच धाकटा. बाबांच्या मागे कारखान्याचा कारभार त्याच्याकडे आला आणि त्याने पहिलं काम केलं ते म्हणजे दुकानाला काचा लावल्या. आता आणखी मोठ्या काचांचं नवं दुकान उघडायचं होतं. उद्घाटनाला वर्तमानपत्रवाले येणार होते, आणि त्यांच्यासमोर आक्का आपल्याच कारखान्याच्या खुर्चीवरून उठणार आणि फीत कापणार, हे भाऊने मनाशी पक्कं केलं होतं.

"जाहिरातीची ओळसुद्धा सुचलीये," तो म्हणाला. "'आमच्या खुर्चीवर बसलेलं माणूस उठून उभं राहतं.'"

"असं नको रे लिहूस," छोटी म्हणाली. "लोकांना वाटेल, खुर्ची टोचते."

छोटी ही सर्वांत धाकटी बहीण. केस पांढरे झाले तरी छोटीच. ती दुसऱ्या शहरात राहायची, तिथून आक्काला परदेशातल्या पेशंटांचे व्हिडिओ पाठवायची आणि प्रत्येकाखाली लिहायची, 'तूपण करू शकतेस!' प्रत्यक्ष आली की पहिला तास ती रडायची आणि उरलेला वेळ सल्ले द्यायची. आज रडण्याचा तास आटोपून झाला होता. तिच्याबरोबर तिचे यजमान आले होते. ते वकील. घरात त्यांना सगळे वकीलसाहेबच म्हणत, आणि त्यांनाही ते आवडे. या कुटुंबात चहात साखर किती घालायची याच्यावर दोघांचं एकमत झालं नाही, तर वकीलसाहेब कपावर चमचा वाजवून सभा सुरू करत.

"आक्का, तुम्ही आधी बघा तर," वहिनी हळूच म्हणाल्या. "ह्यांनी तुमच्यासाठी काहीतरी करून आणलंय."

वहिनी म्हणजे भाऊची बायको. आक्काला उचलायचं, वळवायचं, आंघोळ घालायची, हे सगळं त्यांच्या गळ्यात पडलं होतं. त्यांनी ते कधी बोलून दाखवलं नाही, पण अलीकडे त्या उठताबसता स्वतःचीच कंबर धरायच्या. आक्का ते बघायची आणि नजर दुसरीकडे वळवायची.

भाऊने चादर ओढली. खाली उभं राहण्याची चौकट होती. केंद्रात असते ती अॅल्युमिनियमची, रुग्णालयाची कळा असलेली. ही शिसवी, पॉलिश केलेली, कोपऱ्यांवर नक्षी, हात टेकायच्या जागी चामडं, आणि पुढच्या पट्टीवर कारखान्याचा पितळी शिक्का.

"आवडली?"

"सुंदर आहे रे," आक्का म्हणाली. लाकडाचं काम खरंच फार चांगलं झालं होतं. "पण ही कोणासाठी?"

"म्हणजे? तुझ्यासाठी!"

फिजिओथेरपिस्ट बाईंनी चौकट आक्काच्या खुर्चीसमोर आणली, एकदा चौकटीकडे बघितलं, एकदा आक्काकडे. "आपली उंची किती हो, आक्का?" असं त्यांनी विचारलं. त्या सगळ्यांना आपण आपण करत, जणू पाठीचा कणा दोघींचा मिळून मोडला होता.

सगळ्यांनी भिंतीकडे बघितलं. भिंतीवर घरातल्या प्रत्येकाचं माप पेन्सिलीने लिहिलेलं होतं. गुडघ्याची उंची, मांडीची लांबी, पाठ कुठे टेकते, कोपर कुठे येतं. आजोबांपासून वकीलसाहेबांपर्यंत सगळ्यांचं होतं, आणि झाडून सगळं बसल्याचं होतं. उभं राहिल्यावर कोण केवढं, हे मोजायची या घराला कधी गरजच पडली नव्हती.

"मग तू माप घेतलंस कुठून?" आक्काने विचारलं.

भाऊने छोटीकडे बघितलं. "हिला विचारलं फोनवर. मी म्हटलं आक्का अशी मध्यमच असेल. तर ही म्हणाली, छे, चांगली उंच आहे."

"आहेच मुळी!" छोटी म्हणाली. "मला शाळेत सोडायला यायचीस ना, तेव्हा तुझ्याकडे बघायचं तर मान वर करावी लागायची."

"अगं, तेव्हा तू पहिलीत होतीस!"

छोटीचे डोळे भरून आले, आणि आक्कालाही गलबलून आलं. पहिलीतल्या पोरीला दिसलेली आक्का तिने इतकी वर्षं तशीच्या तशी जपली होती, आणि भाऊने ती शिसवीत उतरवली होती. चौकटीचा वरचा दांडा आक्काच्या हनुवटीशी आला असता. बाई गाडीतून स्वतःची घडीची अॅल्युमिनियमची चौकट घेऊन आल्या तेव्हा भाऊचा चेहरा उतरला.

"पाय कापून घेता येतील," तो म्हणाला.

वहिनी दचकल्या. "कोणाचे?"

"चौकटीचे गं!"

बाईंनी आक्काचा रक्तदाब पाहिला, पट्टा बांधला, एका बाजूला वहिनींना उभं केलं आणि टॅब्लेट हातात घेतला.

"मी दाबू का?" भाऊ पुढे झाला.

"नाही," बाई म्हणाल्या. इतका छोटा शब्द त्यांनी सकाळपासून पहिल्यांदाच वापरला होता.

वीज आली. कमरेखाली आक्काला मुंग्यांसारखं काही जाणवलं, मग मांड्या घट्ट झाल्या. तिने दोन्ही हातांनी चौकट धरली, डोळे मिटले, आणि मनातल्या मनात शरीराला हाक मारली. ही हाक कशी मारायची ते तिला केंद्रात हळूहळू जमलं होतं, पण ते तिला कोणाला शब्दांत सांगता आलं नसतं. गुडघे थरथरले. बाई म्हणाल्या, "आपण उठतोय, उठतोय, छान!" आणि आक्का उभी राहिली.

तिला ते आवडलं. खोटं कशाला बोला? उभं राहताच तिला कपाटावरची धूळ दिसली, खिडकीबाहेरचा रस्ता पार कोपऱ्यापर्यंत दिसला, आणि भाऊच्या डोक्यावर मधोमध पडलेलं टक्कल दिसलं, जे तो इतके दिवस तिच्यापासून लपवू शकला होता. छोटी ढसाढसा रडत होती. वकीलसाहेबांनी टाळ्या वाजवल्या. भाऊ मोबाइल धरून व्हिडिओ काढत ओरडत होता. "आक्का, हस ना! इकडे बघ! हात हलव!"

"हात कसा हलवू? पडेन."

"बरं, मग नुसती हस."

ती हसली. मग भाऊने मोबाइल खाली घेतला आणि कपाळाला हात लावला. भिंगावर अंगठा आला होता. "पुन्हा एकदा करू या का? उठण्यापासून?"

आक्काच्या हातांना घाम आला होता. बोटं दांड्यावर अशी आवळली होती की नखं पांढरी पडली होती. ती उभी होती ती सगळी त्या दोन हातांवर लक्ष ठेवून. नाक खाजलं असतं तरी दुसऱ्याला सांगावं लागलं असतं. तिने बाईंना खूण केली आणि ती खाली बसली. भाऊला वाटलं, ती दमली. दमली तर होतीच.

वकीलसाहेबांनी कपावर चमचा वाजवला.

"आता मूळ मुद्द्याकडे येऊ. प्रस्ताव असा, की पुढच्या फेरीचं ध्येय 'उभं राहणं' हे धरावं. सूचक?"

"मी," भाऊ म्हणाला.

"अनुमोदन?"

"मी," छोटी नाक पुसत म्हणाली.

"मला बोलायचंय," आक्का म्हणाली.

"बोला ना, आक्का. फक्त मतदानाबाबत एक तांत्रिक बाब नोंदवतो." वकीलसाहेबांनी घसा साफ केला. "या विषयात आपला प्रत्यक्ष हितसंबंध आहे. हितसंबंध असलेल्याने त्या विषयावर मतदान करू नये, असा सर्वमान्य संकेत आहे."

"पाय माझे आहेत म्हणून मला मत नाही?"

"तसंच अगदी नाही. पण साधारण तसंच."

"बरं," आक्का म्हणाली. "मला पाठीचं हवंय. दोन हात मोकळे हवेत. मला इथे बसून विणायचंय."

भाऊ हसला, पण त्या हसण्यामागे आणखी काही होतं हे आक्काच्या लक्षात आलं. ती पडून असताना विणकामाच्या खोलीत यंत्रावर विणलेल्या तयार जाळीचे गठ्ठे आले होते. खुर्चीच्या खाचेत जाळी चिकटवली की काम झालं. कोणाची बोटं सोलायला नकोत. आक्का या खोलीत परत बसली तर ते गठ्ठे आधी रस्त्यावर जातील, हे भाऊला पुरतं ठाऊक होतं. बोलला नाही, म्हणजे त्याच्या मनात नव्हतं असं थोडंच?

"आक्का, विणायचे दिवस गेले आता," तो समजावणीच्या सुरात म्हणाला. "लोक उभं राहायला धडपडतात आणि तू बसायचं मागतेस? चारचौघांत सांगू तरी काय मी? इतकं मोठं ऑपरेशन केलं आणि बहीण बसली?"

"आपल्या घराने इतकी वर्षं दुसरं काय विकलं?"

"ते गिऱ्हाइकांसाठी!"

छोटी तिच्याजवळ येऊन बसली. "तुला भीती वाटतेय ना? मी समजू शकते. पण बघ, तू उभी राहिलीस की मला... मला वाटलं, काही झालंच नव्हतं."

"झालंय, छोटे," आक्का म्हणाली. ती हे रागाने म्हणाली नाही. छोटीचा हात तिने आपल्या मोकळ्या हातात घेतला; दुसरा खुर्चीला धरलेला होता. "मला तुला धरून बसायचंय, आणि मला एकच हात आहे."

छोटीने आपले दोन्ही हात तिच्या हातावर ठेवले.

मग वहिनींनी तोंड उघडलं. "बाई, मला एक सांगा. त्या उभ्या राहायला लागल्या की न्हाणीघरापर्यंत जातील?"

"सुरुवातीला तसं नाही," बाई म्हणाल्या. "चौकट धरून, पट्टा बांधून, थोडा वेळ उभं राहायचं. शेजारी कोणीतरी लागेल."

"कोणीतरी."

"हो. सतत."

वहिनींनी भाऊकडे बघितलं. भाऊने छताकडे बघितलं.

"आणि पाठीचं केलं तर?"

"मग आपल्याला बसल्या बसल्या दोन्ही हात वापरता येतात. कपडे घालणं, आंघोळ, पलंगावरून खुर्चीवर स्वतः सरकणं. सरावाने पुष्कळ जमेल. सगळं जमेल असं मी म्हणत नाही."

"अहो, पण फीत!" भाऊ म्हणाला. "कापणार कोण?"

"तुम्ही कापा!" वहिनी कडाडल्या. इतक्या मोठ्याने त्या नवऱ्याशी पाहुण्यांसमोर कधी बोलल्या नव्हत्या. "तुमचे हात रिकामेच असतात."

वकीलसाहेबांनी चमचा वाजवला, कारण अशा वेळी दुसरं काही करता येत नाही. "शांतता! मतदान घेऊ. उभं राहण्याच्या बाजूने असतील त्यांनी हात वर करावेत."

भाऊचा हात वर गेला. वकीलसाहेबांनी स्वतःचाही केला. छोटीचा अर्ध्यावर गेला आणि तिथेच अडकला. ना वर, ना खाली. वहिनींनी हाताची घडी घातली.

"विरोधात?"

"बाई," आक्का म्हणाली, "पाठीचं लावता का जरा?"

"आत्ता? दमला आहात, आक्का." 'आपण' म्हणायचं बाई विसरल्या होत्या.

"थोडा वेळ."

बाईंनी टॅब्लेटवर मांडणी बदलली. आक्का थांबली. पाठीतून, बरगड्यांच्या खालून, काहीतरी सावकाश आवळत गेलं, कोणी आतून नीट बसवून दिल्यासारखं. तिने खुर्चीच्या पाठीपासून अंग पुढे घेतलं. ती डोलली. वहिनी धावल्या. "थांबा," आक्का म्हणाली, "हात लावू नका," आणि वहिनी थबकल्या. मग तिने खुर्चीचा हात सोडला आणि आपले दोन्ही हात वर केले, सरळ, डोक्याच्याही वर.

ती पडली नाही.

भाऊचा मोबाइल मांडीवर तसाच पडून होता. उभ्या राहिलेल्या आक्काला टाळ्या मिळाल्या होत्या. बसलेल्या आक्कासाठी कोणालाच काही सुचेना. शेवटी वकीलसाहेब म्हणाले, "दोन हात वर केले तरी मत एकच धरावं लागेल. म्हणजे, मत असलंच तर."

"तुम्ही जरा गप्प बसा हो!" छोटी नवऱ्यावर खेकसली, आणि तिचा अर्धा हात खाली आला.

हात वर होतेच, तेव्हा आक्काने ते मानेमागे नेले. अपघातानंतर तिचे केस दुसऱ्यांच्या हातांनी विंचरले गेले होते, दुसऱ्यांना सोयीचे असे बांधले गेले होते, कधी फार घट्ट, कधी कसेतरी. तिने केसांतली पिन काढून दातात धरली, केस एकत्र घेतले, पीळ दिला, गुंडाळले. दंड थरथरत होते. एकदा सगळं सुटलं. तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पिन खोचून झाल्यावर तिने हात खाली घेतले आणि मांडीवर ठेवले, दोन्ही.

भाऊ तिच्याकडे बघत होता. त्याचा वर केलेला हात केव्हा खाली आला, ते त्यालाही कळलं नसावं.

"पुढच्या फेरीसाठी पाठीचं लिहू?" बाईंनी विचारलं.

"लिहा."

वहिनींचा हात सवयीने आक्काच्या मानेकडे गेला. "आक्का, अंबाडा वाकडा झालाय," त्या म्हणाल्या.

"असू दे," आक्का म्हणाली. "मी बांधलाय."